सरकार नावाचा पालक

भोपाळच्या वायुदुर्घटनेची आठवण निघाली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक छायाचित्र उभे राहते. मातीत अर्धवट पुरलेल्या एका लहानग्याचा चेहरा, उघडे पण पांढरे पडलेले निर्जीव डोळे, आणि शेवटची माती लोटण्यापूर्वी त्या कपाळावरून फिरणारा कोणाचा तरी हात. रघु राय यांनी ते दृश्य कृष्णधवल टिपले आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला १९८४ सालचे सर्वोत्कृष्ट वृत्तछायाचित्र म्हणून जागतिक पुरस्कार मिळाला. पुढे सभांतील फलकांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि मोर्चांच्या अग्रभागी तो चेहरा वर्षानुवर्षे झळकत राहिला. ते मूल कोणाचे, हे मात्र अज्ञातच राहिले.

मृत बालकाचे प्रतीक होऊ शकते आणि प्रतीकाच्या गरजा फार नसतात. जे मूल त्या रात्री वाचले, त्याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळेच लागते. अन्न लागते, औषध लागते, अंगावर पांघरूण घालणारे कोणी लागते, शाळेच्या दाखल्यावर सही करणारे कोणी लागते आणि हे सारे एका दिवसापुरते न लागता वर्षांमागून वर्षे लागते. भोपाळचा हिशेब मांडताना मृतांच्या आकड्यावर वाद पुष्कळ झाले. वाचलेल्या मुलांचे पुढे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर त्यामानाने फार थोड्यांनी शोधले. आणि तरीही त्या दुर्घटनेनंतर शासनाने जी भूमिका स्वतःहून पत्करली, तिची खरी कसोटी याच प्रश्नात आहे.

२ डिसेंबर १९८४ हा रविवार होता. थंडीचे दिवस; शहराच्या उत्तर भागात युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, चोला, छोला रोड यांसारख्या वस्त्यांत माणसे गोधड्या ओढून झोपली होती. कारखान्यात 'सेविन' हे कीटकनाशक बनविण्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट हे द्रव रसायन जमिनीखालील टाक्यांत साठविलेले होते. त्यांपैकी ई-६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. पाण्याशी संयोग झाला की हे रसायन उष्णता बाहेर टाकते, त्या उष्णतेने प्रक्रिया आणखी वेग घेते आणि आतील दाब वाढत जातो. मध्यरात्रीच्या सुमारास झडप उघडली आणि पुढील दोनेक तासांत सुमारे चाळीस टन विषारी वायू शहरावर पसरला.

हे रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावयाचे असते. थंड ठेवणारी यंत्रणा त्याच वर्षी जूनपासून बंद होती. सुटलेला वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा त्या रात्री तयार स्थितीत नव्हती. उरलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा नळ दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. पाण्याचे फवारे होते, पण ते वायू जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते. धोक्याचा इशारा कोणी दिलाच नव्हता असेही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीच्याच तज्ज्ञांनी पाहणी करून अनेक उणिवा नोंदविल्या होत्या. आणि त्याच वर्षी 'रपट' या छोट्या स्थानिक साप्ताहिकातून राजकुमार केसवानी हे पत्रकार शहर वाचवा म्हणून टाहो फोडत होते. लहान पत्राचा आवाज मोठ्या कचेरीत पोहोचत नाही, हा अनुभव भोपाळपुरता नाही.

लोकांना सावध करणारा बाहेरचा भोंगा त्या रात्री थोडा वेळ वाजून बंद झाला आणि पुन्हा सलग वाजू लागला तो फार उशिरा. तोवर मिरच्या जाळल्यासारख्या ठसक्याने डोळे चोळत लोक घराबाहेर पडले होते आणि जिकडे माणसे धावतात तिकडे धावू लागले होते. तोंडावर ओले फडके धरा, धावू नका, वाऱ्याच्या दिशेला आडवे जा, एवढे तीन शब्द कोणी सांगितले असते तरी किती जीव वाचले असते! धावणारा माणूस जोराने श्वास घेतो आणि जितका जोरात श्वास, तितके विष अधिक. त्यातून मिथिल आयसोसायनेटची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते. मोठ्या माणसाचे नाक जमिनीपासून पाच फुटांवर, चार वर्षांच्या मुलाचे तीन फुटांवर. मुलांनी अधिक विष घेतले याचे एक कारण इतके साधे, उंचीचे आहे. मुलाचा हात धरून धावणाऱ्या आईला हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. ज्यांना ठाऊक असावयास हवे होते त्यांनी कारखान्याच्या शेजाऱ्यांना आपण काय साठवितो हेच कधी सांगितले नव्हते.

कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरात सुनील नावाचा बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा राहत होता. घरात दहा माणसे. त्या रात्रीच्या पळापळीत घरच्यांची ताटातूट झाली. आईवडील गेले, पाच भावंडे गेली. उरली ती तीन: सुनील, त्याच्याहून लहान एक बहीण आणि अगदी तान्हा म्हणावा असा एक भाऊ. ज्या वयात मुलाने शाळेतून आल्यावर दप्तर फेकून खेळायला पळावे, त्या वयात तो एका कुटुंबाचा कर्ता झाला.

सुनीलची हकीकत अनेकांनी लिहून ठेवली आहे, कारण तो गप्प बसणारा मुलगा नव्हता. न्यायालयापुढे त्याने आपली कहाणी सांगितली. वायुपीडित मुलांची संघटना उभी करण्यात तो पुढे होता. १९८९ मध्ये कंपनीच्या भागधारकांची सभा अमेरिकेत भरली, तेव्हा तेथे गेलेल्या पीडितांच्या शिष्टमंडळात तो होता. सभास्थळी पत्रके वाटताना त्या शिष्टमंडळाला अटक झाली. ज्या कंपनीच्या टाकीतून विष सुटले तिच्यावर त्या क्षणापर्यंत भारतात कोणालाही शिक्षा झालेली नव्हती, आणि ज्याचे घर त्या विषाने रिकामे केले त्याला मात्र कोठडीचे दार पाहावे लागले, हा योगायोग येथे नोंदवून पुढे गेलेले बरे.

आता ज्याला शासनाची भूमिका म्हटले तिच्याकडे वळावयास हवे. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकन वकिलांचे थवे भोपाळच्या गल्ल्यांत उतरले आणि अंगठे घेऊन वकीलपत्रे गोळा करू लागले. हा बाजार थांबवावा आणि पीडितांच्या वतीने एकच समर्थ आवाज उठावा, या हेतूने २० फेब्रुवारी १९८५ रोजी वटहुकूम निघाला आणि २९ मार्च रोजी भोपाळ वायुगळती दुर्घटना दावा कायदा अस्तित्वात आला. पीडितांच्या वतीने दावा लावणे, तो चालविणे आणि त्यात तडजोड करणे यांचा अनन्य अधिकार या कायद्याने केंद्र सरकारकडे गेला. यामागील तत्त्व जुने आहे. जो स्वतःचे हित स्वतः राखू शकत नाही, त्याचा पालक राजा होय, असे इंग्रजी न्यायव्यवस्था शतकानुशतके मानीत आली. अल्पवयीन मुलाला आपल्या कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणतात आणि त्याच्या वतीने सही करणाऱ्याला 'पालक'. १९८५ च्या कायद्याने भोपाळच्या लक्षावधी प्रौढांनाही एका दृष्टीने अज्ञान ठरविले. जी खरोखरच अज्ञान होती आणि ज्यांचे जन्मदाते पालक त्या रात्री नाहीसे झाले होते, त्यांच्या बाबतीत तर हे पालकत्व कल्पनेपुरते नव्हते. सरकारखेरीज त्यांना दुसरे कोणी उरले नव्हते.

या पालकत्वाला प्रारंभीच एक आक्षेप घेण्यात आला. युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीचे निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे ५०.९ टक्के भाग अमेरिकन कंपनीकडे असले, तरी भारतातील सरकारी वित्तसंस्थांचेही त्यात सुमारे २२ टक्के भाग होते. कारखान्याला परवाना सरकारचा, त्याची तपासणी सरकारी खात्यांची, वस्तीला तेथेच पट्टे सरकारचे. असा पालक आपल्या पाल्याच्या वतीने कोणाविरुद्ध किती जोमाने भांडेल? सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबर १९८९ रोजी हा कायदा वैध ठरविला. पण वैध ठरविताना न्यायालयाने हेही मान्य केले की, पालकत्व घेतले की पाल्याच्या निर्वाहाची जबाबदारीही त्यासोबत येते, आणि तडजोडीपूर्वी पीडितांचे म्हणणे ऐकून घ्यावयास हवे होते.

हवे होते, असे म्हणण्याची वेळ आली, कारण तडजोड होऊन दहा महिने उलटले होते. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये खटला भारताकडे परत पाठविला. भोपाळच्या न्यायालयात सरकारने तीन अब्ज डॉलरहून अधिक भरपाईची मागणी केली. जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांची अंतरिम मदत देण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तेथे फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर सारे प्रकरण मिटले. मूळ मागणीच्या सुमारे सातव्या हिश्श्यात. एवढेच नव्हे तर फौजदारी खटलेही त्याबरोबर निकालात निघाले; ते परत उभे राहिले ते १९९१ च्या पुनर्विलोकनानंतर. ज्यांच्या नावावर ही सही झाली त्यांतील कोणालाही विचारण्यात आलेले नव्हते.

तोवर मुले वाढत होती. १९८४ साली चार वर्षांचे असलेले मूल तडजोडीच्या दिवशी आठ वर्षांचे झाले होते आणि त्याच्या हातात अद्याप नुकसानभरपाई म्हणून काहीही पडलेले नव्हते. १९९० पासून महिन्याला दोनशे रुपयांची अंतरिम मदत सुरू झाली. प्रत्यक्ष भरपाईचे निवाडे १९९२ नंतर होऊ लागले. बहुसंख्यांच्या वाट्याला पंचवीस हजार रुपये आले आणि त्यांतूनही आधी दिलेले दोनशे-दोनशे वजा झाले. भरपाई मिळवायची तर कागद लागत. शवविच्छेदनाचा अहवाल, रुग्णालयाची चिठ्ठी, शिधापत्रिका, त्या रात्री तेथे राहत असल्याचा पुरावा. ज्या घरातील मोठी माणसेच गेली आणि ज्यांचे मृतदेह घाईघाईने सामुदायिक सरणावर किंवा दफनभूमीत गेले, त्या घरातील मुलाने हे कागद कोठून आणावेत, याचा विचार अर्जाचा नमुना तयार करणाऱ्याने केलेला नसावा. अखेर दावा न्यायाधिकरणांनी ५,२९५ मृत्यू मान्य केले आणि सुमारे पावणेसहा लाख लोकांना कमीअधिक भरपाई दिली. मृतांचा खरा आकडा याच्या कित्येक पट असल्याचे पीडितांच्या संघटना सांगत आल्या आहेत. २००४ मध्ये, रुपयाच्या घसरणीने आणि व्याजाने फुगलेली सुमारे दीड हजार कोटींची शिल्लक वाटण्याचा आदेश झाला आणि तेवढीच रक्कम दुसऱ्यांदा मिळाली. दुर्घटनेनंतर वीस वर्षांनी.

पैशाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून शरीराकडे पाहू. येथे महाराष्ट्राचा संबंध येतो आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी दुर्घटनेनंतर सुमारे शंभर दिवसांनी भोपाळच्या दोनशेहून अधिक मुलांची तपासणी केली. मुलांमध्ये खोकला व दम लागणे टिकून असल्याचे त्यांनी नोंदविले. मार्च १९८५ मध्ये 'मेडिको फ्रेंड सर्कल' या संघटनेने, जिच्याशी महाराष्ट्रातील अनेक डॉक्टर निगडित होते, कारखान्यासमोरील जयप्रकाशनगर आणि दूरवरचे अण्णानगर या दोन गरीब वस्त्यांची घरोघर तुलना केली. दारिद्र्य दोन्हीकडे सारखेच. पण श्वासाचे, डोळ्यांचे आणि मनाचे विकार जयप्रकाशनगरात ठळकपणे अधिक आढळले. वायुपीडितांचे आजार मुळातच गरिबीचे व क्षयाचे असल्याचे सांगणाऱ्यांना हे उत्तर होते.

उपचाराच्या बाबतीत मात्र जे घडले ते आजही सांगताना जड जाते. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्ताचा व अवयवांचा लालभडक रंग आढळला. त्यावरून सायनाइडसारखी विषबाधा असावी आणि सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनाने पीडितांना आराम पडावा, असे त्यांचे मत झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचण्यांतूनही या औषधाचा लाभ दिसला. तरीही राज्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांत दोन तट पडले. जून १९८५ मध्ये हे इंजेक्शन देणारे, कार्यकर्त्यांनी चालविलेले जनस्वास्थ्य केंद्र पोलिसांनी बंद पाडले आणि तेथील डॉक्टरांना अटक केली. आजारी मूल दारात आणि वैद्य कोठडीत, अशी ही पालकत्वाची पहिली पावसाळी महिन्यातील कारकीर्द होती.

जी मुले त्या रात्री अद्याप जन्मली नव्हती त्यांचे काय? कारखान्यापासून एक किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या ८६५ गर्भवती स्त्रियांची माहिती डॉ. दया वर्मा यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील ४३ टक्क्यांहून अधिक गर्भधारणांतून जिवंत मूल जन्माला आलेच नाही. आणि जी ४८६ मुले जिवंत जन्मली त्यांतील १४ टक्के महिन्याभरात दगावली. त्याआधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते. २००३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात भोपाळच्या 'संभावना' दवाखान्याच्या पाहणीचे निष्कर्ष आले: वायुबाधित किंवा बाधित मातापित्यांच्या पोटी जन्मलेले किशोरवयीन मुलगे उंचीने, वजनाने आणि डोक्याच्या घेराने कमी भरले, मुलींत हा फरक आढळला नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी भारताच्याच आरोग्य पाहणीतील नोंदी तपासून दाखविले की, दुर्घटनेच्या वेळी गर्भात असलेल्या पुरुषांमध्ये पुढे कामात अडथळा आणणारे अपंगत्व आणि कर्करोग यांचे प्रमाण अधिक आहे आणि हा परिणाम शहराबाहेर बराच दूरवर पोहोचलेला आहे.

हे संशोधन खासगी दवाखान्याने आणि परदेशी विद्यापीठाने का केले, असा प्रश्न साहजिक पडेल. वैद्यकीय संशोधन परिषदेने आपले दीर्घकालीन अभ्यास १९९४ साली आवरते घेतले. तान्हेपणी वायू घेतलेले मूल तेव्हा दहा वर्षांचे होते. त्याची वाढ, त्याचे यौवन, त्याचे अपत्य या साऱ्या गोष्टी अजून व्हावयाच्या होत्या. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर काळच देणार होता, त्यावर पहारा ठेवणाऱ्यांनी नेमक्या त्याच वेळी चौकी उठविली.

मनाच्या जखमांविषयी तर अज्ञान इतके होते की, दुर्घटनेच्या वेळी मध्य प्रदेशातील पाच वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एकातही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. लखनौ आणि बंगलोर येथून तज्ज्ञ आले, त्यांनी सामान्य डॉक्टरांना शिकविले, टिपणे तयार केली. पण पथक परत जाते आणि भीती मागे राहते. सुनीलने धाकट्या दोघांना वाढविले, बहिणीचे लग्न होईपर्यंत वडिलांचे काम केले, मोर्चे काढले, परदेशी सभांतून बोलला. मग त्याचे मन त्याला दगा देऊ लागले. आपल्याला कोणी मारावयास टपले आहे असे त्याला वाटे, कानी आवाज येत. 'संभावना'तील मित्रांनी त्याला जपले, उपचार केले. मध्ये तो सावरलाही. जुलै २००६ मध्ये त्याने आपल्या राहत्या घरी जीवनयात्रा संपविली. अंगात जो सदरा होता त्यावर, आणखी भोपाळ नको, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे होती. तो तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता. वायुदुर्घटनेच्या मृतांच्या सरकारी यादीची दारे त्याआधीच बंद झाली होती. बावीस वर्षांनी आलेल्या अशा मृत्यूसाठी तिच्यात रकानाच नव्हता.

फौजदारी बाजूचा तपशील थोडक्यात पुरे. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम काढून निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचे कलम लावले. रस्त्यावरील मोटार अपघाताला तेव्हा लागत असे तेच. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली आणि ते जामिनावर सुटले. अमेरिकन कंपनीचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन यांना डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला अटक होऊन काही तासांत जामीन मिळाला होता. ते पुन्हा कधी या देशात आले नाहीत आणि सप्टेंबर २०१४ मध्ये फ्लोरिडात वारले. कंपनीच २००१ मध्ये डाउ केमिकलने विकत घेतली.

दरम्यान, कारखान्याच्या आवारात पडलेले विषारी अवशेष जमिनीत मुरत राहिले आणि भोवतालच्या वस्त्यांतील हातपंपांचे पाणी दूषित झाले. त्यामुळे वायूचा संबंध न आलेली मुलेही या कारखान्याची पीडित झाली. हा कचरा जाळावयाचा कोठे, यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला. २०११ मध्ये नागपूरजवळ बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव पुढे आले, तेव्हा विदर्भात विरोध उसळला आणि महाराष्ट्र शासनाने नकार दिला. विरोध चुकीचा म्हणता येत नाही. पण जे आपल्या उंबऱ्याशी एक दिवस नको होते ते भोपाळच्या मुलांनी सत्तावीस वर्षे अंगणात सांभाळले होते, याची जाणीव त्या वेळच्या निवेदनांत फारशी दिसली नाही. अखेर जानेवारी २०२५ मध्ये बारा बंद वाहनांतून ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला गेला आणि त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत तो जाळून झाला. जमिनीत आणि पाण्यात उतरलेले विष या मोजदादीत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रुग्णालये बांधली गेली, घरे बांधली गेली, विधवांना निवृत्तिवेतन मिळाले. पण जन्मतः व्यंग घेऊन आलेल्या मुलांचे हातपाय हलते करण्याचे, त्यांना बोलावयास शिकविण्याचे रोजचे काम ज्या 'चिंगारी' केंद्रात चालते, ते उभे राहिले रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोन पीडित स्त्रियांना २००४ मध्ये मिळालेल्या गोल्डमन पर्यावरण पुरस्काराच्या पैशातून. कारखान्याने घर उद्ध्वस्त केलेल्या या दोघींनी आपले बक्षीस परक्यांच्या मुलांवर खर्च केले. कायद्याने ज्याला पालक म्हटले त्याच्याकडे तिजोरी होती, कायदा होता आणि न्यायालयाचा एक स्पष्ट आदेशही होता.

तो आदेश ३ ऑक्टोबर १९९१ चा. तडजोडीचे पुनर्विलोकन करताना सर्वोच्च न्यायालयाने रक्कम वाढविली नाही. पण उद्याच्या आजारांचा विचार केला. ज्यांना वायू लागला परंतु लक्षणे अजून दिसत नाहीत, आणि ज्या मातांच्या पोटी पुढे सदोष अपत्ये जन्मतील, अशांसाठी निदान एक लाख व्यक्तींचा वैद्यकीय गटविमा आठ वर्षांच्या मुदतीने उतरवावा, हप्ता भरपाईच्या निधीतून भरावा, असे न्यायालयाने सांगितले. यात कोणाशी भांडावयाचे नव्हते, परदेशी न्यायालयात जावयाचे नव्हते, शास्त्रीय वाद सोडवावयाचा नव्हता. पैसा शिल्लक होता. गटविम्याचे प्रस्ताव सरकारी कचेऱ्यांतून रोज जातात. त्यासाठी टिपणी लिहावी लागते, ती वर पाठवावी लागते आणि धनादेश काढावा लागतो.

२०१० मध्ये केंद्र सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात धाव घेऊन तडजोड अपुरी ठरल्याचे सांगितले आणि सात हजार कोटी रुपयांहून अधिक जादा रकमेची मागणी केली. तिचा निकाल १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला. मागणी फेटाळण्यात आली: फसवणुकीचा आरोप नसताना एकदा झालेली तडजोड पुन्हा उघडता येत नाही, आणि निधी कमी पडला तर तो भरून काढण्याची जबाबदारी कल्याणकारी शासनाची आहे, असे न्यायालय म्हणाले. त्याच निकालात १९९१ च्या विम्याचाही उल्लेख आला. तो उतरविण्यातच आला नव्हता. बत्तीस वर्षांत एकही पॉलिसी नाही. हा केंद्र सरकारचा घोर हलगर्जीपणा आणि न्यायालयाच्या आदेशाचा भंग आहे, अशी नोंद न्यायमूर्तींनी केली.

त्या रात्री जे मूल आईच्या पोटात होते, ते निकालाच्या दिवशी अडतीस वर्षांचे झाले होते. रिझर्व्ह बँकेत या निधीतील पन्नास कोटी रुपये तेव्हाही पडून होते. ते प्रलंबित दाव्यांसाठी वापरावेत, असा आदेश न्यायालयाने दिला.